दोर ओढण्याआधी

"एकदा दोर ओढून घेतला की परतीची वाट बंद हं!" वहिनी हसत म्हणाली. वाळवंटातल्या त्या अरुंद घळीत दादा, वहिनी आणि मी पहिला कडा दोरावरून उतरलो होतो. पुढचे कडे याहून उंच होते, आणि ते उतरायला हाच दोर खाली ओढून न्यायचा होता. वर, कड्याच्या मऊ दगडात, आधीच्या दोरांनी कापलेल्या खाचा दिसत होत्या. इतकी माणसं इथून पुढे गेली. त्यांतली किती नुसत्या संकोचाने गेली असतील, ते दगडावर उमटलेलं नव्हतं. 'नको' म्हणायचा धीर होईपर्यंत बहुधा दोर खाली आलेला असतो.

"ओढू ना गं?" दादाने दोराचं टोक धरत मला सहज विचारलं.

"नको, दादा. मला भीती वाटतेय. मला परत जायचंय."