हनुवटीवरचा चौथा ठिपका

माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या हनुवटीवर लहानपणी गोंदलेले तीन ठिपके आहेत. यंदा शेजारीच चौथा उगवला, काळा, आणि वाढायला लागला. कॅन्सर तर नसेल, या धास्तीनं त्यांची झोप गेली, म्हणून मी त्यांना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी दिव्याचं भिंग हनुवटीला टेकवलं आणि समोरच्या पडद्यावर माळरानाएवढी कातडी पसरली. आपल्याच अंगावर केवढा मुलूख असतो, आणि आपण तिथं कधी पाऊलही टाकलेलं नसतं. तीन ठिपके निळसर, आत मुरलेले दिसत होते. चौथा मात्र मेणासारखा वरच बसलेला.

"वयाचा डाग आहे, आजी. याला काही करायला नको," बाई म्हणाल्या.

जाऊबाई पडद्याकडे बघत राहिल्या. "त्या तिघांच्या वेळी मी रडून गल्ली गोळा केली होती. हा आला तेव्हा मला कळलंसुद्धा नाही."