जत्रेची कलेजी

बोकडाला काय खायला घातलं की त्याचं मटण कसं होतं, हा माझा पोटापाण्याचा विषय. खुराकात काय बदललं की मांस मऊ राहतं, चरबी कुठे साठते, रंग किती टिकतो, हे मी खडकीच्या बाजूला एका प्रयोगशाळेत तपासते. घरच्यांच्या मते मी पगार घेऊन मटण हुंगते. मी ते कधी खोडून काढलं नाही, कारण थोडंफार खरंच आहे.

आमचं गाव आता पुण्यातच आलंय. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, माझ्या वडिलांकडे, आबांकडे, जमिनीचा एक तुकडा उरला आणि पत्र्याच्या शेडखाली एक बोकड. चैत्रातली जत्रा मात्र अजून गावाचीच आहे. यंदा तिला माझी धाकटी बहीण सासरहून आली होती, सहावा महिना लागलेला. आधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं, त्यामुळे या खेपेला आनंद करायचीही सगळ्यांना धास्ती वाटत होती. त्यात तिचं रक्त कमी भरलेलं. “बोकडाची कलेजी हिलाच द्यायची, अख्खी,” असं आईने आधीच जाहीर करून टाकलं होतं.

जत्रेच्या सकाळी मुलाणीचाचांनी बोकड सोलला आणि कलेजी काढून परातीत ठेवली. मी सहज बघितलं आणि परातीपाशी वाकले. निरोगी बोकडाची कलेजी गडद तांबडी असते, कडा धारदार, बोटाला मऊ लागते. ही पिवळट होती, कडा बोथट होत्या आणि दाबून पाहिली तर रबरासारखी चिवट. बुरशी आलेला खुराक खाल्लेल्या जनावरांच्या अशा कलेज्या मी कामावर पाहिल्या आहेत. त्या बुरशीचं विष कलेजीत राहू शकतं, आणि आपल्या चुलीवर ते मरत नाही.

पण खात्री नव्हती. खात्री यंत्रावर होते, परातीत डोकावून नाही. शिवाय बोकड देवाचा. भावकी अंगणात बसलेली असताना देवाच्या बोकडाला नाव ठेवायचं, आणि पुढे बहिणीचं काही वाईट झालं तर? ते माझ्याच तोंडामुळे झालं असं सगळ्यांनी जन्मभर म्हटलं असतं. बोलायची भीती वाटत होती आणि गप्प बसायचीही.

मी विचार करत उभी राहिले तोवर आईने मीठ-हळद लावून कलेजी निखाऱ्यांवर टाकलीसुद्धा. पहिला तुकडा बहिणीच्या ताटलीत पडला.

“गरम हाय, फुंकून खा,” आई म्हणाली.

बहिणीने तुकडा उचलला आणि मी ओरडले, “ठेव तो खाली!”

चुलत्यांनी विचारलं, “का गं? मीठ कमी पडलं व्हय?”

“कलेजी खराब आहे. कुणीच खायची नाही.”

“देवाचं हाय ते,” आई म्हणाली. “आन भाजल्यावर काय ऱ्हातंय त्यात?”

“राहतं. कितीही भाजलं तरी राहतं.”

“शिकल्याली माणसं आता देवाकडंबी सर्टिफिकेट मागत्यात,” चुलते म्हणाले. भावकी हसली. मला हसू येण्यासारखं काही नव्हतं. मी बहिणीच्या हातातला तुकडा घेतला, निखाऱ्यांवरची कलेजी परातीत ओढली आणि शेडमागे नेऊन पुरली. तपासायला म्हणून एक तुकडा तेवढा पिशवीत बांधला. वाचली बाई, असं मी मनात म्हणाले, आणि त्या क्षणी मला तसं खरंच वाटलं.

परत आले तेव्हा आई पदर डोळ्यांना लावून बसली होती आणि बहीण माझ्याशी बोलायला तयार नव्हती. मी आबांजवळ जाऊन विचारलं, “याला खुराक काय होता?”

“मका, कडबा. आन पावसात भुईमुगाचं पोतं भिजलं न्हाई का, त्यातलं बुरसटल्यालं दाणं. टाकायचं कशाला? जनावराला चालतंय.”

पुढचा प्रश्न मला विचारायचा नव्हता. तरी विचारला. “आणि बाकीचे दाणे?”

उत्तर आईने दिलं, आणि रडता रडताही तिच्या आवाजात अभिमान होता. “येकेक दाणा हातानं निवडलाय मी. काळा दिसला की बोकडाला. चांगलं समदं हिच्या लाडवात. दिवस राहिल्यापास्नं सासरी डबं धाडत्ये, रोज येक खाती.”

दाणा चांगला दिसला म्हणजे तो चांगला असतोच असं नाही. काळ्या दाण्याशेजारी भिजत पडलेल्या स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही विष असू शकतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेलाही कळत नाही. हे मी प्रयोगशाळेत येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवते.

बहीण माझ्याकडे बघत होती. मघाचा राग तिच्या चेहऱ्यावर राहिला नव्हता.

“ताई, निवडलेले होते गं,” ती हळूच म्हणाली. “आईने चष्मा लावून निवडलेत.”



“लाडवांचा डबा आण,” मी आईला म्हणाले.

बहिणीने सासरहून सोबत आणलेला डबा आईने माझ्या मांडीवर ठेवला. तळाशी दोनच लाडू उरले होते.