रुतलेल्या नखांची माणसं

मोठ्या आजारात माणूस गप्प होतो. पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलं की मात्र बोलत सुटतो! महाडला माझं छोटं क्लिनिक आहे, सोबतीला सिस्टर सुनंदा. दिवसभर समोर कुणाचा ना कुणाचा पाय. किस्से साठणार नाहीत तर काय!

*

बिरवाडीत खोली घेऊन राहणारा एक कामगार आला. सेफ्टी शूज घट्ट, अंगठा लाल. पू नव्हता. मी म्हटलं, "कोमट पाण्यात पाय बुडवून बस, नखाच्या कडेखाली कापसाची बारीक वात ठेव, बूट सैल घे."

पुढच्या आठवड्यात अंगठा छान! "एकटं बसून कंटाळा नाही आला?"

"एकटा कुठे, मॅडम! रूमवाले पण आपापल्या बादल्या घेऊन बसायचे. बोलले, तुला कंपनी!"

*

शिवथरच्या एका सुनेच्या अंगठ्यावर हळदीचा जाड लेप, खाली पू. "सासूबायनी लावलीय. धुतलीत तर त्यांना वाईट वाटंल."

मी धुतलं, पू काढला, गोळ्या दिल्या, पट्टी बांधली. सुनंदाने शेजारच्या दुकानातून चिमूटभर हळद आणली आणि पट्टीवर वरून चोळली.

पुढच्या ड्रेसिंगला सासूबाई स्वतः हजर. "बघितलात? माज्या हळदीनं कसा उतार पडला!"

आम्ही तिघींनी माना डोलावल्या.

*

एक निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या चपलांच्या आवाजानेच वर्ग चिडीचूप व्हायचा, असं सुनंदा सांगते. ती त्यांचीच विद्यार्थिनी.

नख पुन्हा पुन्हा रुतत होतं. "सगळं काढणार?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. अंगठा बधिर करून फक्त रुतलेली कड काढते. मुळाशी औषध लावलं की ती सहसा परत वाढत नाही."

इंजेक्शन दिलं तसे सर कडाडले, "सुनंदा, हात सोड! मी लहान आहे का?"

"सर, तुम्हीच धरलाय!"

सरांनी आपल्याच हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं, मग असू दे."

*

कुडपणहून एक म्हातारं जोडपं आलं. आजींच्या नखांचे कोपरे गोल, खोलवर कापलेले. म्हणूनच नख रुतलं होतं. आजी कमरेत वाकलेल्या, हात पावलांपर्यंत पोचत नव्हता.

"नखं कोण कापतं?"

"मीच कापते गो," आजी म्हणाल्या. दाराशी आजोबा मान खाली घालून उभे.

मी रुतलेली कड काढली. मग आजोबांना जवळ बसवून दाखवलं, नख सरळ कापायचं, कोपरे खोल घ्यायचे नाहीत.

"गोल कापली तर चांगली दिसतात, असं वाटलं मला," ते पुटपुटले. "दुखत व्हतं तर ही बोलली पण नाय!"

"बोलले असते तर कापायचीच सोडली असतीत तुमी," आजी म्हणाल्या.

महिन्याने दोघं दाखवायला आली. आजींनी पाय साडीखाली ओढून घेतले होते. सुनंदाने हळूच एक पाय बाहेर काढला. नखं अगदी सरळ कापलेली! आणि त्यांवर लालभडक नेलपॉलिश.

मी आजोबांकडे बघितलं.

"सरळ कापायला सांगितलंत, तशी कापली," ते म्हणाले. "रंगवू नको, असं काय बोललात नाय!"