एकाच डब्यातल्या वायरी

माझ्या नाकावर राग असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कारखान्यात ते कळायला आठवडासुद्धा लागला नाही. मी भिंगारची. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभागात नोकरी लागली तेव्हा आठवडाभर कॉलनीत राहायचं आणि शनिवारी एसटीने घर गाठायचं, असा क्रम ठरून गेला.

कारखान्यात माझा सगळ्यात जास्त वेळ जाई वजनकाट्यावर. उसाची ट्रॉली काट्यावर चढते, वजन तिथल्या कॉम्प्युटरवर उमटतं आणि वायरीतून शेतकी ऑफिसात पोचतं. तिथून होकार आला की ट्रॉली आत. या काट्यावर तीस वर्षं एकच काका बसत होते. कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे घाबरले, यांनी मात्र मशीनवर घालायला कापडाचं आवरण शिवून घेतलं आणि कामाला लागले. एन्टरचं बटण ते खिळा ठोकावा तसं दाबायचे. मी वैतागायचे, ते हसायचे आणि मला चहा पाजायचे. तो त्यांचा शेवटचा हंगाम होता. काट्याच्या खुर्चीवरूनच निवृत्त व्हायचं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी अख्ख्या कॉलनीला सांगून ठेवली होती.

हंगाम सुरू झाला आणि तिसऱ्याच दिवशी काट्याचा कॉम्प्युटर ऑफिसला दिसेनासा झाला. दहा मिनिटं दिसायचा, मग गायब, मग आपोआप परत हजर. ट्रॅक्टरची रांग गेटबाहेर डांबरी रस्त्यापर्यंत गेली. मी मशीन बंद-चालू केलं, वायर बदलली, काकांना चार शब्द ऐकवले. मी काट्यावर पोचले की सगळं सुरळीत चालायचं, त्यामुळे माझं डोकं आणखीच फिरलं. दोन दिवसांनी साहेबांनी बोलावून विचारलं की बिघाड नेमका कशात आहे. मशीन चांगलं आहे, असं मी ठणकावून सांगितलं. मग माणसाचं काही चुकतंय का, असं त्यांनी विचारलं. मला त्या ठोकलेल्या एन्टरची आठवण झाली. अहवालात मी लिहिलं की ऑपरेटरकडून चुकीची हाताळणी होत आहे.

साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून काकांची बदली पोत्यांच्या गोडाऊनमध्ये केली. अहवालावर ऑपरेटरची सही लागते, म्हणून कागद घेऊन मीच त्यांच्याकडे गेले. त्यांनी खिशातून पेन काढलं, चष्मा खिशातच राहिला.

"तुमी लिवलंय म्हंजी बगूनच लिवलं आसंल," असं म्हणून त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी काट्यावर शेतकी ऑफिसातली एक मुलगी बसली. हलक्या हाताची, शांत. दहाच्या सुमाराला कॉम्प्युटर पुन्हा गायब झाला. आता खापर फोडायला कुणी उरलं नव्हतं, तेव्हा कुठे मी ऑफिसच्या कॉम्प्युटरसमोर बसून नीट पाहिलं.

काट्याच्या मशीनला वायर लावायची दोन तोंडं होती, म्हणजे दोन नेटवर्क कार्डं. एक ऑफिसशी बोलायला, दुसरं काट्याच्या यंत्राशी. दोघांचे पत्ते वेगळे. ऑफिसचा कॉम्प्युटर काही पाठवण्याआधी सगळ्यांना हाक मारून विचारतो, हा पत्ता कुणाचा? उत्तर एकाच तोंडाने यायला हवं. पण दोन्ही पत्ते माझेच आहेत, असं समजून हे मशीन दोन्ही तोंडांनी ओ देत होतं. ऑफिसच्या यादीत पत्ता तोच, पण त्याच्यापुढचा कार्डाचा नंबर कधी पहिला, कधी दुसरा. दुसरा नंबर लागला की ऑफिसचं टपाल काट्याच्या दाराने आत जाई, आणि भलत्या दाराने आलं म्हणून मशीन ते टाकून देई.

पण दोन्ही कार्डांना एकच हाक ऐकू येते कशी? त्यांचे डबे, म्हणजे वायरी जोडायचे स्विच, वेगवेगळे होते. मी धावत काट्यावर गेले आणि टेबलाखाली वाकले. सगळ्या वायरी ऑफिसच्याच डब्यात होत्या. काट्याचा डबा रिकामा, आणि त्याच्या भोकांत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या.

मग खंडेनवमी आठवली. काकांनी वायरी काढून सगळं पुसलं होतं, काट्याच्या डब्याला हळदकुंकू लावलं होतं, भोकाभोकांत फूल खोवलं होतं. पूजा झालेल्या वस्तूला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. सुट्टीआधी मशीन तपासून दाखवा, असं साहेबांचं म्हणणं. माझी एसटी सुटायला आली होती. मी फुलांना हात न लावता सगळ्या वायरी बिनपूजेच्या डब्यात खुपसल्या. डबे दोन होते ना, असं काकांनी तेव्हा विचारलंही होतं. तुम्हाला यातलं काय कळतंय, असं म्हणून मी पर्स उचलली होती.

वायरी जागच्या जागी लावायला दोन मिनिटं लागली. साहेब म्हणाले, झालं ना चालू, आता जुनं उकरू नका, काका गोडाऊनमध्ये रमतील. मी तरीही नवा अहवाल लिहिला, तो दाखल झाला की बदलीला कारणच उरणार नव्हतं, आणि गोडाऊनमध्ये गेले. काका पोत्यांच्या थप्पीपाशी नुसतेच उभे होते. कागद पाहिला आणि त्यांनी पेन काढलं. मी कागदावर हात ठेवला.

"आधी वाचा, काका."

त्यांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. वायरी मी चुकीच्या जोडल्या, ऑपरेटरचा काही दोष नाही, त्यांनी विचारलं होतं आणि मी ऐकलं नाही, असं त्यात होतं. तिथे बोट थांबलं.

"ह्ये खोडा. माझं चार-पाच म्हैनं ऱ्हायलेत. तुमाला हितं लई वर्सं काढायचीत."

मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी सावकाश सही केली, चष्मा काढून पुसला.

"काल चष्मा न्हाई लावला ते बरं झालं," ते म्हणाले. "तुमच्या म्होरं वाचलं आसतं, तर तुमचा लई राग आला आसता मला."

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. काका काट्याच्या दिशेने चालू लागले होते.