नेमकं काय हवंय?

तिला घरात सगळे तंद्री म्हणत. दूध उतू जाताना ती त्याच्याकडे इतक्या मायेनं बघत उभी राही, की गॅस वहिनीलाच धावत येऊन बंद करावा लागे. पदवी मिळाल्यावर तिनं ग्रंथपाल व्हायचं ठरवलं तेव्हा दादा म्हणाला, "झकास! तिथं उतू जाण्यासारखं काही नसतं."

अभ्यास अवघड होता, पण तिला तो सहज जमे. पुस्तक हातात आलं की त्याची जागा तिला डोळ्यांपुढे दिसायची. दुपारच्या पिवळ्या उन्हात ती कपाटांच्या रांगांमधून झोपेत चालल्यासारखी जाई आणि नेमकी हव्या त्या फळीपाशी थांबे. वर्गीकरण, संगणकावरच्या नोंदी, जुन्या पानांची निगा, सगळ्यात ती पुढे. घोडं अडलं ते शेवटच्या प्रात्यक्षिकात. त्यात परीक्षक वाचक बनून टेबलाशी येतात आणि काहीतरी मागतात.

"मधमाश्यांवर काही आहे का?" त्यांनी विचारलं होतं.

मधमाश्या! तंद्री उठली ती तरंगतच गेली. परतली तेव्हा हनुवटीपर्यंत पुस्तकं होती. पोळ्यांची रचना, मधाचे प्रकार, राणीमाशीचं आयुष्य, काही म्हणून सोडलं नव्हतं.

"माझ्या गॅलरीत पोळं झालंय," परीक्षक म्हणाले. "ते काढायला कोण येतं, एवढंच हवं होतं मला."

झालं, नापास.

"अगं, माणूस मागतो एक आणि त्याला हवं असतं भलतंच," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "आधी विचार, मग ऊठ." परीक्षा आणखी एकदाच देता येणार होती. ती हुकली की ग्रंथपालाची पदवी गेली, आणि जवळच्या ग्रंथालयानं तिच्यासाठी राखून ठेवलेली नोकरीही गेली.

मग तिनं घरातच सराव मांडला.

"चहा आहे का?" दादानं विचारलं.

"कसा हवाय? आणि कशासाठी?"

"अंघोळीसाठी!" दादा ओरडला. "प्यायला हवाय, बाई, प्यायला!"

वहिनीला तर साधं मीठ मागायची सोय राहिली नाही. सुटली फक्त आई. बाबा गेल्यापासून ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असे आणि दिवसातून एकदाच काही मागे, "रेडिओ लावता का रे कुणी?" जो जवळ असेल तो बटण फिरवी आणि आपल्या कामाला लागे. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

परीक्षेला तेच परीक्षक आले. म्हणाले, "ताऱ्यांवर काही आहे का?"

तंद्रीच्या डोळ्यांपुढे अख्खं आभाळ उघडलं. पाय उठूही लागले होते. तिनं खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"ताऱ्यांबद्दल नेमकं काय हवंय तुम्हाला?"

परीक्षक जरा घुटमळले. "नातीला अंधाराची भीती वाटते हो. दिवा मालवू देत नाही."

तिनं मुलांच्या कपाटातून चित्रांचं एक पातळसं पुस्तक आणून पुढे ठेवलं. रात्री आभाळात कोण कोण जागं असतं, त्याची गोष्ट होती. परीक्षकांनी ते तिथंच उभ्या उभ्या वाचून काढलं. मग म्हणाले, "पास आहात. आणि हे मी खरंच घरी नेतोय, नोंद करा."

घरी येताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. दारातूनच ओरडून सांगायचं असं तिनं ठरवलं होतं. पण दादा-वहिनी अजून कामावरून आले नव्हते. खिडकीजवळून आईचा आवाज आला, "रेडिओ लाव गं जरा."

हात सवयीनं बटणाकडे गेला. आणि तिथंच थांबला.

"आई, रेडिओवर नेमकं काय ऐकायचंय तुला?"

आई गोंधळली. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"काही नाही गं," ती म्हणाली. "घरात कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं."

तंद्रीला एकदम रडू आलं. सगळ्या घराची परीक्षा घेतली, आणि इथं ती रोजच नापास होत होती. तिनं डोळे पुसले, स्टूल ओढलं आणि आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"मग ऐक. एक साहेब होते. त्यांच्या गॅलरीत मधमाश्यांचं पोळं झालं..."

"अगं बाई! मग?" आई म्हणाली आणि खुर्चीत थोडी पुढे सरकली.