मांडणीवरचा फोन

टिकीट पुन्हा बंद झालं होतं. टिकीट म्हणजे आमच्या भाषेत ग्राहकाची तक्रार. तक्रार आली की सिस्टिममध्ये टिकीट उघडतं, काम झालं की ते बंद करायचं. या टिकिटावर बंद करण्याचं कारण दर वेळी एकच लिहिलेलं होतं: ग्राहक फोन उचलत नाही.

शेवटी ग्राहक स्वतःच ऑफिसात आला. साठीच्या पुढचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. स्क्रीनवर आधीच टाईप करून आणलं होतं.

"माझं नाव साळवे. भिंगार. मला ऐकू येत नाही. बायकोलाही नाही. फोन करू नका. घरी या."

आमची इंटरनेट कंपनी लहान आहे. नगर शहर, भिंगार, केडगाव आणि आसपासची काही गावं. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या बिलिंगवाल्या मुलीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे अजून नगरच म्हणतात. मी तिथे फील्ड इंजिनिअर आहे. म्हणजे ज्या तक्रारी फोनवर सुटत नाहीत, त्या मी जाऊन बघते. मी त्यांच्याच मोबाईलवर टाईप केलं, "आज दुपारी येते."

साळवे काकांचं घर भिंगारच्या जुन्या बाजाराच्या मागे आहे. पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर, मध्ये दगडी भिंत. भिंत इतकी जाड की तिच्यातल्या कोनाड्यात शिलाई मशीनचं डोकं मावलं होतं. काकांनी सगळं आयुष्य लष्करी गणवेश शिवण्यात घालवलेलं. आता डोळे थकले म्हणून फक्त ओळखीच्यांचं काम घेतात.

राउटर हॉलमध्ये होता. राउटर म्हणजे वायफायचा तो अँटेनावाला डबा. तो टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला चिकटून ठेवला होता. मी त्याच्याजवळ उभी राहिले आणि माझ्या फोनवर स्पीड टेस्ट केली. उत्तम. ऑफिसला फोन लावला. देशमुख सर आमचे टेक्निकल हेड.

"सर, साळवेंकडे आहे."

"स्पीड किती येतोय?"

"प्लॅनपेक्षा थोडा जास्तच."

"मग प्रॉब्लेम कुठंय? टिकीट बंद कर आणि तिथून केडगावला जा. दोन ठिकाणी केबल तुटलीय."

मी फोन ठेवला. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. सर काय म्हणाले ते त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण समजलं असावं. त्यांनी माझ्या बाहीला हलकेच हात लावला आणि मला मागे स्वयंपाकघरात नेलं.

तिथे काकू होत्या. ओट्याशेजारी स्टीलची मांडणी होती, तिच्यात ताटं, वाट्या, डबे चकाचक लावलेले. मधल्या फळीवर, दोन डब्यांच्या मध्ये, एक फोन उभा करून ठेवला होता. काकूंनी तो आधी पुसला, मग मला दाखवला. वायफायची एकच काडी होती. तीही मधूनमधून जात होती.

मी नेहमीचा प्रश्न टाईप केला. "हॉलमध्ये बसून बोलता येणार नाही का?"

काकांनी उत्तर टाईप केलं नाही. त्यांनी मला हॉलमध्ये नेलं, दिवा बंद केला. भर दुपारी तिथे अंधार. एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीला लागून. दिवा लावला तर उजेड डोक्यावरून, मागून येत होता. मग परत स्वयंपाकघर. तिथे मोठी खिडकी होती आणि काकूंच्या हातांवर स्वच्छ उजेड पडत होता. काकूंनी दोन्ही हात वर करून मला दाखवले आणि मग मांडणीकडे बोट केलं.

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांचं बोलणं हातांनी चालतं. बोलताना दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून फोन कुठेतरी उभा करावा लागतो. हात समोरच्याला दिसायला हवेत, म्हणून उजेड लागतो. फोनपासून दोन पावलं मागे उभं राहावं लागतं, म्हणून जागा लागते. या घरात हे तिन्ही एकाच ठिकाणी होतं. आणि नेमकं तिथेच वायफाय नव्हतं.

मग काकांनी बराच वेळ टाईप केलं. मी काकूंनी दिलेला चहा पीत वाट पाहिली. त्यांनी लिहिलं ते असं.

त्यांची मुलगी प्राजक्ता कोपरगावला असते. तिलाही ऐकू येत नाही. जावयाला ऐकू येतं, तो तिथल्या शुगर फॅक्टरीत आहे. प्राजक्ताला दिवस गेलेत, आठवा महिना चालू आहे. काकूंना लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे मायलेकींचं बोलणं फक्त व्हिडिओ कॉलवर. मागच्या आठवड्यात काका बाहेर गेले असताना मुलीचा कॉल आला. ती बोलायला लागली आणि चित्र अडकलं. अडकलं तेव्हा तिचा एक हात पोटावर होता आणि दुसरा 'नाही' म्हणत होता. मग कॉल कटला. काकूंनी पुन्हा पुन्हा लावला, लागला नाही.

काकूंनी घराला कुलूप घातलं, स्टँड गाठला आणि कोपरगावची एसटी पकडली. कंडक्टरला काही सांगता येईना, म्हणून मुलीचा पत्ता लिहिलेलं मिठाईचं जुनं खोकं बरोबर घेतलं. इकडे काका घरी आले तर दाराला कुलूप. तिकडे काकू पोचल्या तेव्हा मुलगी दारात बसून मेथी निवडत होती. तिला एवढंच सांगायचं होतं की पोटातलं बाळ अजून फिरलेलं नाही, पण डॉक्टर म्हणाले काळजी करू नका, वेळ आहे.

शेवटच्या ओळीत काकांनी लिहिलं होतं, "बायकोला वाटलं बाळ गेलं. पूर्ण रस्ताभर वाटत होतं."

मी केडगावला कळवलं की उशीर होईल.

आधी घरगुती उपाय केले. राउटर टीव्हीमागून काढला आणि कपाटापासून दूर, उंचावर ठेवला. लोखंड वायफायला अडवतं, आणि लोक राउटर नेमका लोखंडामागे लपवतात, कारण तो दिसायला बरा दिसत नाही. काकूंचा फोन मी स्टीलच्या मांडणीतून काढून ओट्यावर एका लाकडी पाटावर ठेवला. एकाच्या दोन काड्या झाल्या.

राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो. एक वेगवान, पण भिंतीपुढे हात टेकणारी. दुसरी जरा हळू, पण भिंतीतून जाणारी. फोन आपोआप वेगवान लहर पकडून बसला होता. हे काकांना समजावताना मी सवयीने टाईप करून गेले: "मिरवणुकीतला डीजे लांब असला तर गाण्याचे शब्द घरात येत नाहीत, फक्त धम धम येतं. तसंच हे." दाखवल्यावर मला कसंतरी झालं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना मी डीजेचं उदाहरण देत होते. काकांनी वाचलं आणि ते हसले. छातीवर तळहात ठेवून दोनदा थोपटलं. मग लिहिलं, "जयंतीचा डीजे मला इथे कळतो. बरोबर उदाहरण."

मी फोन हळू लहरीवर टाकला. तीन काड्या आल्या. काकू खूश झाल्या. मी नाही झाले. कारण काड्या अर्धंच सांगतात. राउटरचं बोलणं फोनपर्यंत किती पोचतं, ते काड्यांवरून कळतं. फोनचं बोलणं राउटरपर्यंत किती पोचतं, ते कळत नाही. राउटरचा घसा मोठा असतो, फोनचा लहान. त्यात त्या हळू लहरीवर बाजारातल्या सगळ्या दुकानांचे राउटर एकदम बोलत होते.

स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये एक रिपीटरही लावलेला सापडला. आलेला सिग्नल पकडून पुढे फेकणारा छोटा डबा. बाजारात कुणीतरी काकांना तो दिला होता. डबा चांगला होता, जागा चुकीची होती. जिथे सिग्नलच येत नाही तिथे तो बसवला, तर तो पुढे काय फेकणार? तो निम्म्या वाटेवर लावावा लागतो. या घरात निम्म्या वाटेवर होती दगडी भिंत.

मी देशमुख सरांना पुन्हा फोन केला. "सर, मागच्या खोलीत केबल टाकून दुसरा राउटर लावावा लागेल."

"आपली जबाबदारी पहिल्या राउटरपर्यंत. तिथे स्पीड आहे ना? घरातल्या भिंती आपण बांधल्या नाहीत, वैशाली."

"सर, दोन मिनिटं व्हिडिओ कॉल करते. तेवढं बघा."

मी माझा फोन काकूंच्या फोनच्या जागी पाटावर उभा केला, त्यांच्या वायफायला जोडला आणि सरांना व्हिडिओ कॉल लावला. मग काकू उभ्या राहतात तिथे उभी राहिले.

"बोल. आवाज नीट येतोय की," सर म्हणाले.

"आवाज सोडा. मी किती बोटं दाखवतेय ते सांगा."

मी बोटं बदलत गेले. दोन, पाच, एक, चार. फार भरभर नाही, काकू बोलतात तेवढ्याच वेगाने.

"दोन," सर म्हणाले. "दोनच. आता... काहीतरी हललं. पंजा आहे का? थांब, तू अडकलीस."

"मी अडकले नाही, सर. आवाज येतोय ना माझा?"

"आवाज येतोय."

"तो यांच्या काही उपयोगाचा नाही."

व्हिडिओ कॉलचं ॲप असंच बनवलेलं असतं. नेट कमी पडलं की ते आधी चित्र सोडतं आणि आवाज वाचवतं. बहुतेक घरांसाठी ते बरोबरच आहे. चित्र अडकलं तरी आपण म्हणतो, "ऐकू येतंय, बोल बोल." या घरात ॲप नेमकं नको ते वाचवत होतं आणि हवं ते टाकून देत होतं.

"स्टोअरमध्ये परत आलेले राउटर पडलेत," सर म्हणाले. "त्यातला एक चेक करून घेऊन जा. आणि भिंतीला ड्रिल मारू नकोस. जुनं घर आहे, दगड निघाला तर तो आपल्या गळ्यात पडेल."

दुसऱ्या दिवशी केबल आणि राउटर घेऊन गेले. ड्रिलची गरज पडली नाही. हॉलमधून स्वयंपाकघरात जायच्या दाराच्या चौकटीवरून केबल नेली. क्लिप ठोकताना काका शिडी धरून उभे होते. केबल जरा तिरकी जाते आहे हे त्यांनी खालूनच पाहिलं आणि मला खूण करून सरळ करायला लावली. शिंप्याची नजर. दुसरा राउटर खिडकीच्या वर, मांडणीपासून लांब बसवला. आता वायफायला भिंत ओलांडायचीच नव्हती. भिंत केबल ओलांडत होती.

काकूंनी पदराला हात पुसले, फोन पाटावर उभा केला आणि कोपरगावला कॉल लावला.

प्राजक्ता दिसली. आईसारखाच गोल चेहरा. दोघी एकदम बोलायला लागल्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी फक्त चित्र अडकतंय का ते बघत होते. काकूंचे हात आधी सावकाश चालत होते, एकेक खूण थांबवून, धरून ठेवून. तुटणाऱ्या कॉलची सवय लागली की आपण मोठ्याने ओरडून बोलतो, तसंच असावं ते. मग हळूहळू हातांचा वेग वाढला. पुढे पुढे तर बोटं कुठून कुठे जातायत ते मला दिसेना. काकू मध्येच हसल्या, मध्येच रागावल्या. एकदा मुलीला दटावलंसुद्धा. ते मात्र मला बरोबर कळलं.

तेवढ्यात जावई स्क्रीनवर आला. घरात मी एकटीच ऐकणारी आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं.

"ताई, ऐकू येतंय का? ही म्हनती, आईची बोटं आज पहिल्यांदा नीट दिसली. एरवी नुसता धूर दिसायचा बघा."

"आता येत नाही ना अडचण?"

"न्हाई न्हाई. पन एक विचारू का? ह्यांचं आता लई वेळ चालनार. बिल तेवढंच येईल ना?"

मी म्हटलं, तेवढंच येईल.

मी सामान आवरून निघाले तेव्हाही कॉल चालू होता. काका दारापर्यंत आले. त्यांनी हात जोडले नाहीत की काही लिहून दाखवलं नाही. मागे वळून स्वयंपाकघराकडे बघितलं आणि मान हलवली, बायको फोनवर बसली की जेवणाचं काही खरं नाही, अशी मान कुठलाही नवरा हलवतो तशी.

बाळ पुढे फिरलं. महिन्याभराने काकांचा मेसेज आला. नात झाली होती, मायलेकी सुखरूप. खाली त्यांनी लिहिलं होतं की बायकोने फोनवर नातीला डॉक्टरांच्याही आधी पाहिलं. हे शक्य नाही, पण मी वाद घातला नाही.

ऑफिसात एक बदल झाला. देशमुख सरांनी साळवेंच्या नावापुढे नोंद टाकून घेतली: फोन करू नये, मेसेज करावा. मग बाकीच्या ग्राहकांत असे आणखी कोण आहेत ते शोधायला सांगितलं. तसे काहीजण निघाले. त्यांचीही टिकिटं "फोन उचलत नाही" म्हणून बंद झालेली होती.

मी माझ्यापुरता एक नियम केला. स्पीड टेस्ट राउटरजवळ करायची नाही. राउटरजवळ कुणी राहत नाही. ग्राहकाला आधी विचारायचं, "तुम्ही फोन कुठे ठेवून बोलता?" आणि तिथे जाऊन टेस्ट करायची. बाल्कनी, गच्चीचा जिना, बाथरूमचं दार, काय काय उत्तरं येतात. परवा केडगावच्या एक आजी माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या, "कुठं ठेवून म्हंजे? कानाला ठेवून! अजून कुठं ठेवत्यात फोन?"

मी म्हटलं, सगळेच नाही ठेवत, आजी. पण तुमचा कान संध्याकाळी कुठल्या खोलीत असतो, तेवढं सांगा.