‘आवं’च्या पुढचं

माझे वडील, अण्णा, तोफखान्यातनं निवृत्त होऊन वडूजला आले ते कान तोफेपाशीच ठेवून. पण कबूल करतील तर ते अण्णा कसले! "मला लख्ख ऐकू येतंय, तुमीच पुटपुटता," हे त्यांचं ठरलेलं.

आईचा राग वेगळाच होता. तिनं "आवं" म्हटलं की अण्णा घरामागच्या परड्यातनंसुद्धा "काय गं?" म्हणून ओ द्यायचे, आणि पुढच्या वाक्याला ढिम्म! "हाक बरी ऐकू येती, काम सांगितलं की बहिरं. सोंग हाय नुसतं," आई म्हणायची. गेल्या दिवाळीत ती खरंच पिशवी भरून बसली. आष्ट्याला भावाकडं राहायला निघाली होती. "भिताडाशी बोलून तोंड दुखलं माझं. लय झालं."

उगाच धमक्या देणारी बाई नव्हे ती.

मी सांगलीच्या एका कॉलेजात आवाजावर काम करते. माणसाचा कान जाड-बारीक आवाज कसे वेगळे करतो, त्याचा नमुना आम्ही कॉम्प्युटरमध्ये बसवलाय. दिवाळीला घरी आले तेव्हा तो माझ्या लॅपटॉपवर होताच. अण्णांना मीच बळंबळं साताऱ्याला नेऊन केलेली कानाची तपासणीही माझ्याकडं होती. तिच्यातले आकडे नमुन्यात घातले. कॉम्प्युटरला अण्णांचा कान दिला म्हणा ना. मग आईचं एक वाक्य मोबाईलवर भरून घेतलं, त्या कानातनं गाळलं आणि हेडफोन तिच्याच डोक्यावर चढवला.

"आवं, साखर संपली," एवढंच ती बोलली होती. हेडफोनमध्ये "आवं" ठणठणीत. पुढं नुसतं "आ-अर अं-अली". स, ख, प असले बारीक आवाज तोफेनं नेमके नेले होते. "आवं"मध्ये तसलं काही नाहीच.

"बिघडलंय तुजं," आई म्हणाली. मी परत लावलं. या खेपेला ती डोळे मिटून ऐकत राहिली.

"हेच ऐकू येतं व्हय त्यास्नी?"

"हेच."

"म्हंजी सोंग न्हवतं?"

"न्हवतं गं."

पिशवी दारातच टाकून ती परड्यात गेली. अण्णा खाली मान घालून शेंगा निवडत होते.

"आवं."

"काय गं?" त्यांनी लगेच मान वर केली.

आई त्यांच्या समोर बसली. अण्णा तिच्या तोंडाकडं बघत पुढच्या बोलण्याची वाट पाहत राहिले. तिनं डोळे पुसले आणि ती परत नुसतंच म्हणाली, "आवं."